क्विझ खेळणं आणि प्रश्न लिहिणं: यात करिअर आहे का? खास मराठवाड्यातल्या पोरांसाठी

पानचक्की_रोड

दहावीनंतर काय, त्या धाग्यावर परवा कुणीतरी विचारलं होतं की क्विझमध्ये करिअर असतंय का, तर तिथं दोघातिघांनी टाइमपास आहे, केबीसीला नंबर लागला तर बघा असं लिहून विषय मिटवला. मला ते पटलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी माझं सांगतो. गाव जालना जिल्ह्यात, शाळा मराठी मिडियम, इंजिनिअरिंग संभाजीनगरला. कॉलेजच्या फेस्टमध्ये पहिल्यांदा बझर बघितला, मग पुण्यात नोकरी करत करत बरीच वर्षं खेळलो, आणि आता प्रश्न लिहिणं हेच माझं मुख्य काम आहे. शाळांच्या स्पर्धा, कॉलेज फेस्ट, कंपन्यांचे इव्हेंट, टीव्हीवाले, ॲपवाले, सगळ्यांना प्रश्न लागतात आणि ते कुणीतरी बसून लिहावे लागतात, तपासावे लागतात, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. प्रश्न आपोआप उगवतात असंच वाटतं लोकांना.

नुसतं खेळून घर चालत नाही हे खरंय. बक्षिसं मिळतात, कधीकधी बरी मिळतात, पण त्याच्यावर हप्ते भरता येत नाहीत. पण खेळाडू आणि प्रश्नलेखक हे दोन्ही एका माणसात आले की गोष्ट बदलते, आणि मला या धाग्यावर एवढंच सांगायचंय की ज्या पोराला क्विझमध्ये पुढं जायचंय त्यानं पहिल्या दिवसापासून प्रश्न लिहायला घ्यावेत. खेळून झाल्यावर कधीतरी बघू असं म्हणून चालत नाही.

कारण सांगतो. १९६७ ला कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी पहिली ओपन क्विझ घेतली, १९८३ ला बंगळूरला कर्नाटक क्विझ असोसिएशन निघाली, १९८५ ला दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं क्विझ टाइम आलं, पुण्यात सीओईपीचा बोट क्लब क्विझ क्लब आहे. या शहरांमध्ये हे टिकलं कारण तिथं एकमेकांसाठी प्रश्न लिहून आणणारी माणसं होती, आज मी सेट आणतो पुढच्या वेळी तू आण, असं. आपल्याकडं वाचणारी पोरं ढिगानं आहेत, खेळणारी पण आहेत, लिहिणारी मला फार भेटली नाहीत. आणि लिहिणारा आपला नसला की प्रश्नात आपला भाग येतो तो फक्त अजिंठा, वेरूळ आणि दुष्काळ एवढाच. पैठण म्हणजे साडी, नांदेड म्हणजे गुरुद्वारा, पुढं काही नाही.

विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं उत्तर देतो.

लातूरकर_मावशी

बरं झालं धागा काढलास बाबा. माझा भाचा नववीला आहे, इथंच लातूरला. वाचन लई आहे त्याचं, जे दिसंल ते वाचतो, किराणाच्या पुडीचा कागद पण सोडत नाही. शाळेकडून दोनदा क्विझला गेला, उत्तरं येत होती पण बझर दाबायला घाबरला, शेजारच्या टीमनं मारून नेलं. त्याचे पप्पा म्हणायलेत की हे सगळं बंद कर आणि नीटच्या फाउंडेशनला बस. लातूरमध्ये राहून दुसरं काय म्हणणार माणूस, इथं तर दुधवाला पण विचारतो मार्क किती पडले म्हणून. मला एवढंच सांग की त्याच्या अभ्यासात याचा काही उपयोग होतो का, आणि घाबरतो त्याचं काय करायचं?

परभणीचा_राजू

दादा राग मानू नका पण मला यात नवीन काय ते कळेना. आम्ही एमपीएससीवाले रोज हेच तर करायलोय. कैलास लेणं कुणी खोदलं, कृष्ण पहिला. मराठवाडा मुक्ती दिन कधी, १७ सप्टेंबर. विद्यापीठ कधी स्थापन, १९५८, नामांतर १९९४. दहा हजार वनलायनर पाठ आहेत माझे. मग मी क्विझर झालो का? आणि झालो असेल तर करिअर कुठंय? अभ्यासिकेत माझ्यासारखे चाळीस जण बसायलेत शेजारी.

पानचक्की_रोड

राजू, राग कशाचा. तुझ्याच कैलास लेण्यावर बोलू.

कैलास लेणं कुणी खोदलं, हा प्रश्न माहिती असेल तर येतो, नसेल तर नाही, मधलं काहीच नाही. आता हे बघ: बडोद्याला सापडलेला इसवी सन ८१२ च्या सुमाराचा राष्ट्रकूट कर्कराजाचा एक ताम्रपट आहे, त्यात एलापूरच्या एका देवळाचं वर्णन आहे, की विमानातून जाणारे देव ते बघून थक्क झाले आणि ज्या कारागिरानं ते बांधलं तो स्वतःच म्हणाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं. आपण कोणत्या वास्तूबद्दल बोलतोय? ज्याला ताम्रपट माहितीये तो पहिल्याच ओळीला बझर मारतो. ज्याला माहिती नाही तो एलापूर, म्हणजे आपलं वेरूळ, ऐकून विचार करतो, राष्ट्रकूट ऐकून विचार करतो, आणि बऱ्याचदा पोचतो. उत्तर तुझ्याच वनलायनरमधलं, कैलास लेणं. पण या प्रश्नात डोकं चालवायला जागा आहे आणि नाही आलं तरी घरी जाताना पोरगं एक गोष्ट घेऊन जातं. आमच्यात याला वर्कआउट होणारा प्रश्न म्हणतात, आणि असा प्रश्न लिहिता आला की त्याचे पैसे मिळतात. दहा हजार वनलायनर तुझ्याकडं आहेत म्हणजे कच्चा माल भरलेला आहे, तो वाया कामून घालवायचा?

मावशी, तुमच्या भाच्याचं. बझरची भीती ही बहुतेक वेळा ज्ञानाची नसते, अंदाजाची असते. समोरचा प्रश्न कुठं चाललाय हे कळत नाही म्हणून हात थांबतो. जो पोरगा स्वतः प्रश्न लिहितो त्याला लिहिणाऱ्याचं डोकं कळायला लागतं, की आधी अवघड क्लू टाकलाय, आता मधला येणार, आता सोपा. मग त्याला कुठल्या ओळीला दाबायचं ते कळतं. मी हे बऱ्याच पोरांमध्ये बघितलंय, पाठांतर तेवढंच पण लिहायला लागल्यावर बझर लवकर पडायला लागला.

बीडवाला_जर्सीत

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत, मूळचा अंबाजोगाईचा. माझी मुलगी इथं शाळेच्या टीममधून क्विझ बोल, म्हणजे बझरवरची टीमची क्विझ, खेळते म्हणून यातलं थोडं कळतं, तेवढं टाकतो.

हे इथं जुनं आहे. १९५३ ला रेडिओवर कॉलेज बोल नावाचा कार्यक्रम सुरू झाला, १९५९ ला टीव्हीवर गेला, त्याच्यावरूनच ब्रिटनमध्ये १९६२ ला युनिव्हर्सिटी चॅलेंज निघालं, ते अजून चालू आहे, आता अमोल राजन घेतात, जन्म कोलकात्याचा. शाळा-कॉलेजातलं आजचं क्विझ बोल मात्र टीव्हीशिवाय चालतं. शनिवारी सकाळी एखाद्या शाळेत वीस-तीस टीम जमतात, एका वर्गात दोन टीम, प्रत्येकीत चार पोरं, एक वाचणारा, एक मार्क लिहिणारा. टॉसअप म्हणजे बझरचा प्रश्न, तो एकट्यानं द्यायचा, शेजाऱ्याला विचारायचं नाही, बरोबर आला तर दहा. मग त्या टीमला बोनस, एकाच विषयाचे तीन भाग, तिथं आपसात बोलता येतं. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत दाबून चुकलं तर पाच मार्क जातात, आणि काही स्पर्धांमध्ये फार लवकर दाबून बरोबर दिलं तर दहाच्या जागी पंधरा. राजूभाऊ, तुमच्याकडं पूर्व परीक्षेत चुकलं की प्रश्नाच्या मार्काचा पाव हिस्सा जातो, तशीच धास्ती इथं पण, फक्त सेकंदात ठरवावं लागतं.

आणि टॉसअप सगळे पिरॅमिडसारखे रचलेले असतात, पहिली ओळ सगळ्यात अवघड, शेवटची जवळपास सगळ्यांना येणारी. त्यामुळं ज्याला जास्त माहितीये तोच आधी दाबतो, ज्याचं बोट फास्ट आहे तो नाही.

आणखी एक, काही कॉलेज स्पर्धांमध्ये टीमनं स्वतः लिहिलेलं प्रश्नांचं पॅकेट पाठवायचं असा रिवाज आहे. खेळायचं असेल तर लिहा. धागाकर्ते म्हणतायत तेच. जुनी पॅकेटं नेटवर फुकट आहेत, हजारोंनी, इंग्रजीत आहेत पण रचना शिकायला उत्तम.

पानचक्की_रोड

बीडवाले दादा, एकदम नेमकं सांगितलंत. त्याच पिरॅमिडचा एक मराठी नमुना टाकतो, मी शाळेच्या पोरांना शिकवताना वापरतो तो:

"या व्यक्तीचं मूळ नाव चापू होतं असं मानतात आणि बगदादच्या एका व्यापाऱ्यानं त्याला नवीन नाव दिलं. पुढं अहमदनगरचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. चित्रकार अबुल हसनच्या एका प्रसिद्ध चित्रात जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या याच्या मुंडक्यावर बाण सोडताना दाखवलाय, प्रत्यक्षात हा त्याच्या हाती कधी लागलाच नाही. १६२४ ला भातवडीच्या लढाईत यानं मोगल आणि आदिलशाही फौजा हरवल्या, त्यात शहाजीराजांचे भाऊ शरीफजी पडले. खडकी शहर वसवणारा, नहरीनं शहराला पाणी आणणारा आणि खुलताबादला कबर असलेला हा हबशी वजीर कोण?"

उत्तर मलिक अंबर, हे संभाजीनगरचं कुठलंही पोर शेवटच्या ओळीला सांगेल. पण बघा, हबशी हा शब्द मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवलाय. नवीन लिहिणारा तो पहिल्या नाहीतर दुसऱ्या ओळीत टाकतो आणि प्रश्न तिथंच संपतो, सगळे एकदम बझर मारतात आणि मग ज्याचं बोट फास्ट तो जिंकला. चित्राचा क्लू कुठं टाकायचा यावर पण मी खूप डोकं लावलं. कलेची आवड असणाऱ्या पोराला तो लगेच येतो, इतिहासवाल्याला भातवडी आधी येते, म्हणून ते दोन्ही मधे शेजारी शेजारी ठेवले. आणि प्रत्येक क्लू एकट्यानं तपासायचा की याच्यावरून दुसरं कुठलं उत्तर निघत नाही ना. शहाजीराजे भातवडीला होते एवढंच लिहिलं असतं तर लढाईतल्या कुठल्याही माणसाचं नाव उत्तर म्हणून आलं असतं.

हे असं एका प्रश्नाला कधी तासभर लागतो, कधी दिवस जातो. खेळाडूला ते दोन मिनिटात ऐकून संपतं. मला त्यातलं हे काम मनापासून आवडतं, खेळण्यापेक्षा पण जास्त.

आता करिअरचं म्हणाल तर दोन माणसं सांगतो, दोघांचं सगळं जाहीर आहे. केन जेनिंग्ज, अमेरिकेत ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीच्या टीममधून क्विझ बोल खेळायचा, सॉफ्टवेअरची नोकरी करता करता क्विझ बोलवाल्यांसाठी प्रश्न लिहायचा आणि एडिट करायचा, मग २००४ ला जेपर्डी या शोमध्ये सलग ७४ गेम जिंकला, पंचवीस लाख डॉलरच्या वर, आणि आता तोच शो होस्ट करतो. दुसरा इंग्लंडचा ऑलाव ब्योर्टोम्ट. २००३ ला वर्ल्ड क्विझिंग चॅम्पियनशिप सुरू झाली, म्हणजे एकट्यानं बसून दोन तासात २४० प्रश्न सोडवायचे, आठ विषय, त्याचा पहिला विजेता हा, आणि नंतर आणखी तीनदा जिंकला. पोटापाण्याचा धंदा काय, तर द टाइम्सच्या रोजच्या क्विझचे प्रश्न लिहिणं. त्या स्पर्धेत भारतातले लोक पण बसतात, २०१४ ला तर आपल्या विक्रम जोशींनी ती जिंकली होती.

जेनिंग्जचं नशीब सगळ्यांना मिळत नाही, पण लिहिणं दोघांनीही केलंय, ते बघा.

परभणीचा_राजू

मलिक अंबरचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला राव. चापू वगैरे मला काहीच माहिती नव्हतं, आणि मी इतिहासाची पुस्तकं तीनतीनदा वाचलेली आहेत.

एक शंका. खेळणारा आणि लिहिणारा एकच असला तर चीटिंग नाही का होणार? आपल्याकडं पेपरफुटीनं पोरांची वाट लागलीय, ते वेगळं सांगायला नको.

बीडवाला_जर्सीत

राजूभाऊ, झालंय असं. इथं क्विझ बोलच्या एका मोठ्या संस्थेकडं काही खेळाडूच प्रश्नलेखक होते. लिहिणाऱ्यांना वेबसाइटच्या आतल्या पानांचा ॲक्सेस असायचा आणि त्यातून पुढच्या स्पर्धेच्या प्रश्नांची माहिती दिसू शकत होती. काहींनी ती पानं उघडल्याचं लॉगमध्ये सापडलं आणि २०१३ ला हार्वर्डची राष्ट्रीय विजेतेपदं मागं घेतली. किती मोठं कॉलेज आहे हे बघितलं नाही. मुलीच्या टीमला कोचनं पहिल्याच महिन्यात हा किस्सा सांगितला होता.

पानचक्की_रोड

हाव, आणि त्यावरचा उपाय साधा आहे, ज्या स्पर्धेसाठी लिहिलं ती खेळायची नाही, आणि ज्यांच्यासोबत खेळतो त्यांना आपण कशावर लिहिलंय ते सांगायचं नाही. घरात पण नाही. मी मोठ्या शोसाठी लिहितो तेव्हा कागदावर सही करून देतो आणि त्या काळात तसल्या विषयावर मित्रांसोबत गप्पा पण टाळतो. प्रश्नलेखकाकडं विकायला दोनच गोष्टी असतात, एक त्याचं डोकं आणि दुसरा त्याच्यावरचा विश्वास, दुसरी गेली की पहिलीला कुणी विचारत नाही.

नांदेडचे_गुरुजी

मी निवृत्त शिक्षक. तालुक्याच्या शाळांसाठी सामान्यज्ञान स्पर्धेच्या प्रश्नपत्रिका आयुष्यभर काढल्या, त्यामुळं या विषयावर मला बोलायचा हक्क आहे असं समजतो.

माझं एक दुखणं मांडतो. आपल्या भागातल्या देवाधर्माच्या आणि संतांच्या प्रश्नांवर हमखास भांडणं होतात. मराठवाड्यात ज्योतिर्लिंगं किती असं विचारलं की आम्ही तीन म्हणतो, घृष्णेश्वर, परळी वैजनाथ, औंढा नागनाथ. पण वैद्यनाथ झारखंडात देवघरला आहे असं मानणारे आहेत आणि नागेश्वर द्वारकेजवळ आहे असं मानणारे आहेत. नामदेवांचा जन्म नरसीचा असं आपण सांगतो, कुणी पंढरपूर म्हणतो. एकदा एका स्पर्धेत पालक स्टेजवर चढले होते या असल्याच प्रश्नावरून, पोरं बिचारी खाली रडायलेली. प्रश्न काढणाऱ्यानं काय करावं? हे विषय सोडूनच द्यावेत का? मग पोरांना आपला भाग कळणार कसा?

दुसरं, संदर्भ कुठले वापरता? आजकाल मोबाइलवर आलं ते खरं असं चाललंय.

पानचक्की_रोड

गुरुजी नमस्कार. तुमच्यासारख्यांनी धाग्यावर यावं म्हणूनच तर हे लिहिलं.

सोडायचे अजिबात नाहीत, फक्त वाद आहे तिथं उत्तर ठेवायचं नाही, वादाच्या शेजारी ठेवायचं. म्हणजे औंढ्याचं ज्योतिर्लिंग कितवं असं नाही विचारायचं. हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्या गावच्या देवळात अशी कथा सांगतात की नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, असं विचारायचं. कथा सांगतात यात कुणाचं दुमत नाही, उत्तर औंढा, भांडण संपलं. ज्ञानेश्वरांचं पण तसंच, आळंदी म्हणणारी पोरं खूप असतात कारण समाधी तिथं आहे, तर जन्मगाव म्हणून पैठणजवळचं आपेगाव सांगून तिथून गोदावरीवर प्रश्न न्यायचा.

संदर्भाचं म्हणाल तर माझा नियम असा की एका ठिकाणी वाचलेल्या गोष्टीवर प्रश्न करत नाही, दोन वेगळ्या ठिकाणी सापडली पाहिजे आणि दुसऱ्यानं पहिल्यावरून कॉपी केलेली नसावी. मराठीत लिहिणाऱ्याला मराठी विश्वकोश ही खाण आहे, नेटवर फुकट आहे, पोरांना त्याचा पत्ताच नसतो. केतकरांचा ज्ञानकोश जुना आहे पण कल्पना सुचायला चांगला, आकडे मात्र त्यातून घ्यायचे नाहीत. इतिहासासाठी सेतुमाधवराव पगडी, आपले निलंग्याचे, त्यांचं वाचलं की मोगल आणि निजाम काळातले क्लू सापडत जातात. आणि प्रश्नाखाली पुस्तक, पान नंबर लिहून ठेवायचं, लगेच, नंतर सापडत नाही. स्पर्धेत कुणी ऑब्जेक्शन घेतलं तर क्विझमास्टरच्या हातात तो कागद पाहिजे. गुरुजी, तुमच्याकडच्या जुन्या प्रश्नपत्रिका जपून ठेवल्या असतील तर मला खरंच बघायच्यात.

नांदेडचे_गुरुजी

ठेवल्या आहेत. ट्रंकेत आहेत, काही वाळवीनं खाल्ल्या. नातवाला फोटो काढायला सांगतो. नरहर कुरुंदकरांवर एक अख्खा विभाग केला होता एका वर्षी, मूळ गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा, नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक, नंतर प्राचार्य, औरंगाबादला कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच १९८२ ला गेले. नववीच्या एका मुलीनं त्यातले सगळे प्रश्न बरोबर सोडवले होते, वडील त्यांचे विद्यार्थी होते म्हणे.

धारूरची_पोरगी

मी इथं वाचत होते फक्त, आता लिहिते. दादा पैशाचं स्पष्ट बोला ना. मी बीएस्सी सेकंड इयर, संभाजीनगरला. घरी सांगताना प्रश्न लिहिते म्हणलं की आई विचारते, मंग पगार किती. आणि दुसरं, आता एआय दोन मिनिटात शंभर प्रश्न काढून देतंय, तर आमच्यासारख्यांना कोण विचारणार?

पानचक्की_रोड

ताई, स्पष्टच सांगतो. काम तीन प्रकारचं असतं. एक, प्रश्नामागे पैसे, शो किंवा ॲपवाले देतात, जितके पास झाले तितक्याचे, रिजेक्ट झालेल्याचे नाही. दोन, एडिटिंग, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तपासायचे, सोपे-अवघड क्रमानं लावायचे, यात पैसे जास्त बरे आणि नियमित. तीन, इव्हेंट घेणं, स्वतःचा सेट घेऊन स्टेजवर उभं राहायचं, यात मानधन आणि प्रवास, पण सीझन असतो, पावसाळ्यात आणि परीक्षेच्या महिन्यात शांतता. पहिली काही वर्षं दुसरी कमाई पाहिजेच, नोकरी म्हणा ट्यूशन म्हणा, यात मी कुणालाही स्वप्न दाखवणार नाही. आणि काम घेताना लेखी घ्यायचं. एका आयोजकानं माझ्याकडून अख्खा सेट घेतला, कार्यक्रम दणक्यात झाला आणि मग फोन उचलणं बंद. तेव्हापासून अर्धे पैसे आधी आल्याशिवाय मी फाइल पाठवत नाही.

लिहायची सवय लागली की बाकीची दारं पण उघडतात, हे आईला सांगा. कंटेंट, पाठ्यपुस्तकं, परीक्षांचे प्रश्न, न्यूजरूममधलं फॅक्ट चेकिंग, या सगळ्यात हीच अक्कल लागते, म्हणजे खात्री करून नेमकं लिहिणं.

एआयचं मी रोज बघतो. वनलायनर झटक्यात काढतं, आणि त्यातले काही आत्मविश्वासानं चुकीचे असतात. मराठवाड्यावर काढायला सांगा, लोणार आपल्यात टाकून मोकळं होतं, ते आहे बुलढाण्यात. मग प्रत्येक ओळ तपासायला माणूस लागतोच. शंभर प्रश्नांतून कुठले पंधरा या हॉलमधल्या पोरांना मजा आणतील हे पण त्याला कळत नाही, कारण त्यानं त्या पोरांचे चेहरे बघितलेले नाहीत. साधे प्रश्न लिहिणाऱ्यांचं काम कमी होणार हे मात्र खरं आहे, म्हणून तर पहिल्यापासून चांगले लिहायला शिका म्हणतोय.

तुम्ही बीएस्सीच्या आहात, हे तर फारच चांगलं. सायन्सवर मराठीत बरे प्रश्न लिहिणारे शोधून सापडत नाहीत.

धारूरची_पोरगी

झूलॉजी आहे माझं. करते सुरुवात. आईला फॅक्ट चेकिंगचं सांगितलं, ती म्हणली बातम्यावाले लागतात व्हय खरं-खोटं बघायला.

लातूरकर_मावशी

हे सगळं मी भाच्याला वाचून दाखवलं. काल संध्याकाळपासून वहीच घेऊन बसलाय. एक प्रश्न लिहिलाय, जसाच्या तसा टाकते:

"लातूरला पाणी आणणाऱ्या रेल्वेचं नाव काय? ही रेल्वे २०१६ साली मिरजहून आली. तिचे डबे राजस्थानात धुतले होते."

उत्तर लिहिलंय जलदूत. म्हणतोय की दादांना विचार बरोबर आहे का. तेव्हा हा अगदी लहान होता, त्याला आठवत नाही, पण आम्ही सगळे जण सांगत असतो ना घरात, टँकरच्या रांगा आणि घागरींवरून झालेली भांडणं.

पानचक्की_रोड

मावशी, विषय एक नंबर निवडलाय त्यानं. आणि डबे धुतल्याचा क्लू त्याला सापडला, याचं मला फार कौतुक वाटलं, हे शोधून काढावं लागतं.

फक्त क्रम उलटा झालाय. लातूर आणि पाणी पहिल्याच वाक्यात आलं की पुढचं कुणी ऐकतच नाही. त्याचीच माहिती घेऊन असं करू:

"एप्रिल २०१६ मध्ये राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये टाकीचे डबे वाफेनं धुऊन घेतले आणि तिथून ते मिरजेला पाठवले. मिरजेला ते भरले आणि पहिल्या फेरीला असे दहा डबे, साधारण पाच लाख लिटर, सुमारे ३४० किलोमीटर लांब गेले. शिकवण्या आणि डाळींच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या कुठल्या शहरात ते पोचले, आणि त्या गाडीला काय नाव पडलं?"

आता बघा, वाफेनं धुतलेले टाकीचे डबे ऐकून पोरं आधी तेलाचा नाहीतर दुधाचा विचार करतील, मिरज आल्यावर थोडं थांबतील, लिटरचा आकडा आला की पाणी सुचेल, शेवटी तर लातूरचं कुणीही सांगेल. शेवटी दोन भाग केले कारण गाडीचं नाव नाही आलं तरी शहर येईल, काहीतरी मार्क पदरात पडतील.

त्याच्या पप्पांना म्हणावं की नीटची तयारी आणि हे वैरी नाहीत. कुठल्या ओळीवर उत्तर पक्कं झालं हे ओळखणं बायोलॉजीच्या लांबलचक प्रश्नांना पण कामाला येतं. आठवड्याला एक प्रश्न लिहिला तरी पुष्कळ झालं, अभ्यास मोडायची गरज नाही.

परभणीचा_राजू

दादा मी पण एक लिहायलोय, जनाबाईंवर. गंगाखेडचं नाव शेवटी ठेवतोय, दळिता-कांडिताचा अभंग पण मागं ढकललाय, नाहीतर पहिल्याच ओळीत सगळ्यांना कळतंय. आता सुरुवातीला काय टाकावं तेच सुचत नाही. अभ्यासिकेतले दोघं पण बसलेत सोबत, एकजण म्हणतो माझा कर्णपुऱ्याच्या यात्रेवर घ्या.

पानचक्की_रोड

राजू, जनाबाईंच्या सुरुवातीसाठी गाथेतल्या अभंगांचे विषय बघ, हरिश्चंद्राच्या आख्यानासारखी आख्यानं पण त्यांच्या नावावर आहेत, तिथं फारसं कुणी जात नाही. गुरुजींना विचार, त्यांना जास्त माहिती असणार. आणि तिघं मिळून एकच प्रश्न करू नका, प्रत्येकानं आपापला लिहा, मग अदलाबदल करून एकमेकांचा मोठ्यानं वाचा. जिथं वाचताना अडखळायला होतं तिथं वाक्य तोडायचं, कारण शेवटी तो प्रश्न कुणीतरी माइकवर वाचणार असतो.

मावशी, भाच्याला पुढचा विषय देतो, मांजरा धरण. लातूरला पाणी पाजणारं हे धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे, हे हॉलमधल्या निम्म्या लोकांना माहिती नसतं, तिथून सुरुवात करता येईल. पुस्तकाचं नाव आणि पान नंबर खाली लिहायला सांगा, आणि झाला की इथंच टाका.

नांदेडचे_गुरुजी

जनाबाईंची जुनी प्रश्नपत्रिका सापडली, राजू. संध्याकाळी नातू घरी आला की फोटो टाकतो. त्यातला चौथा प्रश्न मात्र घेऊ नको, त्याच्यावर तेव्हा ऑब्जेक्शन आलं होतं.